राजा गेला, पण चावडी कोणाची ?

दरसाल सप्टेंबरच्या १७ तारखेस नांदेड, लातूर आणि एकंदर मराठवाड्यांत झेंडावंदन होतें, भाषणें होतात आणि शाळेच्या पोरांस खाऊ मिळतो. १९४८ सालीं ह्याच दिवशीं निजामानें हात टेकले. हिंदी फौजा १३ तारखेस सरहद्दींत शिरल्या आणि पांच दिवसांत सव्वादोनशें वर्षांची आसफजाही गडगडली. हा दिवस साजरा करावा तेवढा थोडाच. परंतु त्या दिवशीं सकाळीं निजामशाही होती आणि दिवेलागणीस लोकशाही आली, अशी जी समजूत ह्या भाषणांनीं पोरांच्या मनांत बसते, तिच्याविषयीं आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. राजा जाणें ही एक गोष्ट आणि रयतेचें राज्य येणें ही दुसरी. पहिलीला पांच दिवस पुरले. दुसरीचा हिशेब अजून मिटलेला नाहीं. उलट अलीकडे त्या वहीचीं पानें मागें चाळलीं जात आहेत, असें आमचें स्पष्ट म्हणणें आहे.

निरनिराळ्या देशांतले राज्यकारभार शेजारीं शेजारीं मांडून, कोठें लोकशाही रुजली, कोठें रुजली नाहीं आणि कां, हें पाहण्याचें पंडितांनीं एक शास्त्रच केलें आहे. त्याला ते तौलनिक राज्यशास्त्र म्हणतात. नांव जड आहे, पण काम आमच्या कुणब्याच्या हातचें आहे. माळेगांवच्या जत्रेंत किंवा हाळी-हंडरगुळीच्या बाजारांत बैल घेणारा शेतकरी दुसरें काय करितो ? देवणी आणि लाल कंधारी शेजारीं उभे करून तो दांत पाहतो, खूर पाहतो, दहा पावलें चालवून पाहतो. शिंगांचा रंग आणि पाठीवरची झूल पाहून कोणी पैसे मोजीत नाहीं. राज्याची परीक्षाहि अशीच करावी. विधिमंडळाची इमारत, मंत्र्याची गाडी, मिरवणूक ही झूल झाली. बैल औताला कसा चालतो हें पाहावयाचें असेल तर आम्ही एकच प्रश्न विचारतों : ज्याच्या सहीवांचून आपलें काम अडतें, त्याला आपण आपल्या मतानें खालीं उतरवूं शकतों काय ?

आधीं निजामाचेंच राज्य ह्या प्रश्नापुढें उभें करूं. हैद्राबाद संस्थानांत मराठी भाषेचे पांच जिल्हे होते : औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. लातूर त्या वेळीं उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें. त्याचा निराळा जिल्हा १९८२ सालीं झाला. मुलुखाचे तीन प्रकार असत. दिवाणी म्हणजे सरकारचा, सर्फेखास म्हणजे खुद्द निजामाच्या खासगी खर्चाचा, आणि तिसरा जहागिरींचा. ढोबळ मानानें दहा हिश्शांतले चार हिस्से दिवाणीच्या बाहेर होते. म्हणजे राज्यांत राज्यें, आणि प्रत्येकाचा वसूल निराळा. कचेरींत व कोर्टांत उर्दू चाले, त्यामुळें कुळाला आपल्याच फिर्यादींत काय लिहिलें आहे हें दुसऱ्याच्या तोंडून ऐकावें लागे. 'गश्ती निशान ५३' नांवाच्या हुकुमानें परवानगीवांचून सभा भरविण्यास बंदी होती. तक्रार लिहावी तर भाषा परकी, आणि बोलावी तर चार माणसें जमवावयाची नाहींत !

येथें एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. निजाम मुसलमान होता म्हणून त्याची हिंदु रयत नाडली गेली, एवढें सांगून कित्येक वक्ते थांबतात. गांवच्या पातळीवर पाहिलें तर देशमुख, देशपांडे, पाटील, पटवारी आणि सावकार हे बहुतेक हिंदूच होते, आणि त्यांचीं वतनें त्याच राज्यानें पोसलीं होतीं. निजाम हैद्राबादेस किंग कोठींत बसे. कुळाचा राजा चावडींत बसे. मुसलमान पिंजारी, तांबोळी आणि विणकर हे त्या चावडीपुढें आमच्याच शेजारीं हात जोडून उभे असत. राजाचा धर्म आणि रयतेचें दुःख यांची अशी गल्लत केली कीं मधला चावडीवाला अलगद सुटतो, आणि तो सुटावा हीच कित्येकांची सोय असते.

१९३९ सालीं निजामसरकारनें 'सुधारणा' जाहीर केल्या. त्यांत प्रतिनिधि घ्यावयाचे ते गांवागांवांतून नव्हे, तर धंद्यांच्या आणि हितसंबंधांच्या गटांतून. आणि मंत्री जबाबदार राहावयाचे ते रयतेला नव्हे, निजामाला. लढाईच्या निमित्तानें तेंहि लांबणीवर पडलें, आणि १९४६ सालीं विधिमंडळ निघालें तेव्हां स्टेट काँग्रेसनें त्यावर बहिष्कार घातला. आम्हांस तो योग्य वाटतो. पंगतीला बोलवावयाचें आणि ताट मांडावयाचें नाहीं, अशांतला तो प्रकार होता.

आतां ह्याच्या शेजारीं मराठी मुलुखांतलीं दुसरीं दोन संस्थानें ठेवा. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९०२ सालीं मागासलेल्या वर्गांसाठीं सरकारी नोकरींत निम्म्या जागा राखून ठेवल्या, १९१७ सालीं सक्तीचें मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलें आणि १९१८ सालीं कुळकर्ण्यांचीं वतनें मोडून पगारी तलाठी नेमले. महाराजांनीं मतपेटी आणली नाहीं. पण ज्याच्या लेखणीवर गांव नाचे त्याची पिढीजात लेखणी काढून घेतली आणि कुणब्याच्या पोराच्या हातीं पाटी दिली. औंधाची तऱ्हा उलट. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३९ सालीं आपण होऊन घटना दिली आणि बहात्तर गांवांच्या त्या लहानग्या राज्याचा कारभार गांवपंचायतीपासून विधिमंडळापर्यंत लोकांच्या हातीं सोपविला. एक ब्राह्मण राजा स्वतःची सत्ता सोडतो, हें आम्ही मोकळ्या मनानें नमूद करितों. अशीं उदाहरणें जगांत फार नाहींत. हिमालयांतील भूतान देशाच्या राजानें असेंच केलें, पण त्याला २००८ साल उजाडलें.

तीन संस्थानें, तीन तऱ्हा. कोल्हापुरांत जमीन नांगरून ठेवली पण पेरणी पुढें झाली. औंधांत वाफा लहान म्हणून पेरणी झटपट झाली. आणि हैद्राबादेंत ना नांगरट ना पेरणी. १९४८-४९ सालीं सर्वांना एकाच पावसानें गांठलें. पुढें मराठवाडा मागें कां पडला ह्याचीं कारणें शोधणाऱ्यांनीं हा फरक आधीं पाहावा. मराठवाड्याच्या माणसाला आळशी म्हणणें फार सोपें आहे.

त्या रानांत बीं टाकणारीं माणसें निघालींच नाहींत असें नव्हे. १९३७ सालीं परतूर येथें महाराष्ट्र परिषद भरली. १९३८ सालीं हैद्राबाद स्टेट काँग्रेस जन्मास येण्यापूर्वींच तिच्यावर बंदी आली आणि सत्याग्रह झाला. स्वामी रामानंद तीर्थ हे ह्या लढ्याचे पुढारी. हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळांत मास्तरकी केलेला हा संन्यासी. पुढच्या दहा वर्षांत शेंकडों खेड्यांतलीं तरुण पोरें तुरुंगांत गेलीं. दुसऱ्या बाजूनें रझाकारांची संघटना वाढली. तिचा म्होरक्या कासीम रझवी हा लातुरांतच वकिली करीत असे. रझाकारांनीं गांवें लुटलीं, जाळलीं, माणसें मारलीं. हें सर्व आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून घरोघर ऐकिलेलें आहे.

पण जें घरोघर ऐकिलेलें नाहीं तेंहि सांगितलें पाहिजे. पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत निरपराध मुसलमानांची मोठी कत्तल झाली. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें १९४८ च्या अखेरीस संस्थानांत फिरून अहवाल दिला. तिनें मृतांचा अंदाज २७ हजारांपासून ४० हजारांपर्यंत केला आणि सर्वांत अधिक होरपळलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले त्यांत नांदेड आणि उस्मानाबाद होते. हा अहवाल कित्येक दशकें दडून राहिला. रझवीचा सूड गांवच्या पिंजाऱ्यावर घेणें ह्याला मुक्ति म्हणतां येत नाहीं. त्याच अहवालांत एक ओळ अशीहि आहे कीं, एकाच धंद्यांतल्या माणसांनीं एकमेकांस वांचविलें. हिंदु विणकरांनीं कित्येक ठिकाणीं स्वतःचा जीव धोक्यांत घालून मुसलमान विणकरांस राखलें. आमच्या कारागीर वाचकांनीं हें आपल्या पोरांस जरूर सांगावें. राज्यशास्त्राच्या मोठमोठ्या ग्रंथांत लोकशाहीचा पाया म्हणून जें सांगितलेलें असतें, तें माग आणि धोटा चालविणाऱ्या माणसांनीं त्या दिवसांत पुस्तकावांचून करून दाखविलें.

असो. राजा गेला तो पुरता गेला असेंहि नाहीं. आधीं लष्करी गव्हर्नर जनरल चौधरी आले, मग दिल्लीनें नेमलेले वेल्लोडी मुख्य मंत्री झाले, आणि खुद्द निजाम १९५० पासून १९५६ पर्यंत राजप्रमुख म्हणून बसले. मात्र ह्याच नेमलेल्या कारभारांत, १९४९ च्या ऑगस्टांत, जहागिऱ्या रद्द झाल्या आणि १९५० सालीं कूळकायदा झाला. निवडून आलेल्या सरकारच्या आधीं लष्करी सरकारनें जहागिरदार हलविला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. तिकडे जपानांतहि असेंच झालें. १९४६ पासून अमेरिकन फौजांच्या अमलाखालीं तेथील जमीनदारांची जमीन काढून ती कसणाऱ्याच्या नांवें केली. फरक पुढें पडला. जपानांत कूळ खरोखर मालक झालें. आमच्याकडे जहागिरदाराला भरपाई मिळाली, आणि कुळाला मिळाला 'संरक्षित कूळ' हा शिक्का. अर्थशास्त्रज्ञ खुस्रो यांनीं हैद्राबादच्या ह्या सुधारणांची पाहणी करून १९५८ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत चारपांच वर्षांतच बरींच संरक्षित कुळें जमिनीवरून गेल्याचें दिसतें. कित्येकांनीं म्हणे राजीखुशीनें जमीन सोडली. ही राजीखुशी चावडींत कशी लिहवून घेतात हें आमच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको.

१९५२ सालीं मात्र खरी नवलाची गोष्ट घडली. हैद्राबाद विधानसभेच्या १७५ जागांसाठीं संस्थानांतल्या प्रत्येक वयांत आलेल्या स्त्रीपुरुषास मताचा हक्क होता. उमेदवारागणिक निराळी पेटी, पेटीवर चित्र. अक्षरशत्रु माणसालाहि आपली पेटी ओळखतां यावी. काँग्रेसला ९३ जागा मिळाल्या. कम्युनिस्टांच्या आघाडीला ४२, समाजवाद्यांना ११ आणि शेतकरी कामकरी पक्षाला १०. चार वर्षांपूर्वीं ज्याला सभा भरविण्याची चोरी होती, त्यानें सत्तेवरील पक्षाच्या विरुद्ध जवळजवळ निम्मे आमदार निवडून दिले ! बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. हैद्राबादच्या इतिहासांत रयतेच्या मतानें आलेला तो पहिला कारभारी.

ह्याचें मोल कळण्यास जगाकडे पाहिलें पाहिजे. इंग्लंडास लोकशाहीची आई म्हणतात. त्या आईनें १८३२ सालीं थोड्या मालदारांना मत दिलें, मग १८६७ आणि १८८४ सालीं आणखी थोड्यांना, १९१८ सालीं सर्व पुरुषांना आणि कांहीं स्त्रियांना, आणि पुरुषांच्या बरोबरीनें सर्व स्त्रियांना द्यावयास १९२८ साल उजाडलें. पदवीधरांस जादा मत असे तें काढणारा कायदा १९४८ सालचा. स्वित्झर्लंडांत स्त्रियांना देशाच्या निवडणुकींत मत मिळालें तें १९७१ सालीं. म्हणजे किनवट-अहमदपूरकडची शेतमजूर बाई त्या श्रीमंत देशाच्या बाईच्या आधीं एकोणीस वर्षें मतदान करीत होती. पाकिस्तान आमच्याबरोबरच जन्मलें. तेथें सबंध देशाची प्रौढ मतदानाची पहिली निवडणूक १९७० च्या डिसेंबरांत झाली, आणि तिचा निकाल मानला नाहीं म्हणून देशाचेच दोन तुकडे झाले.

सर्वांत गमतीची गोष्ट आमच्या गोव्याची. पोर्तुगीज राज्य १९६१ च्या डिसेंबरांत संपलें आणि १९६३ सालीं निवडणूक होऊन बहुजनसमाजाच्या मतांवर दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. (ते स्वतः खाणमालक होते, हेंहि विसरूं नये.) पुढल्याच वर्षीं तेथें कूळकायदा झाला. आणि पोर्तुगाल ? तेथील हुकूमशाही १९७४ सालीं उलथली आणि मोकळी निवडणूक १९७५ सालीं झाली. म्हणजे धन्याच्या आधीं बारा वर्षें गुलामाला मत मिळालें ! हंटिंग्टन नांवाच्या अमेरिकन पंडितानें १९९१ सालीं ग्रंथ लिहून लोकशाहीची 'तिसरी लाट' पोर्तुगालांतून सुरू झाली असें ठरविलें. लाट मोजणाऱ्यांनीं फोंडा-पेडण्याच्या मुंडकारालाहि विचारावयास हरकत नव्हती.

सर्वांना एकदम मत, हें आम्हांस कोणी खिरापत म्हणून दिलें नाहीं. सायमन कमिशनपुढें डॉ. आंबेडकरांनीं हें मागणें लावून धरलें, त्या वेळीं आपल्याकडचे शहाणेसुरते लोकच म्हणत होते कीं अडाणी माणसाला मत म्हणजे माकडाच्या हातीं कोलीत. अडाण्यानें कोलीत नीट धरलें. घरें शहाण्यांनीं जाळलीं, हें आम्ही पुढें सांगतोंच. त्याच डॉक्टरांनीं १९४९ च्या नोव्हेंबरांत घटनासमितींत बजावलें होतें कीं, राजकारणांत समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनांत विषमता अशा विसंगतींत आपण पाऊल टाकीत आहों, आणि ही विसंगति लौकर मिटविली नाहीं तर तिचे चटके बसलेले लोकच ही इमारत उडवून देतील.

ह्या विसंगतीचा दाखला अमेरिकेंतहि आहे. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' ज्या अमेरिकन जनतेला अर्पण केली, तिनें १८७० सालीं काळ्या माणसाला मताचा हक्क घटनेनें दिला. पण मतदारांच्या वहीवर बसणारा कारकून गोराच राहिला. कधीं वाचनाची परीक्षा, कधीं मतपट्टी, कधीं नुसती दहशत. तो हक्क दक्षिणेंत खरा व्हावयास १९६५ चा कायदा यावा लागला. पंचाण्णव वर्षें ! आमच्याकडे यादींत नांव घालण्यास कोणी आडवें आलें नाहीं, हें घटनेचें आणि निवडणूक खात्याचें यश खरेंच. १९५७ सालीं नांदेडच्या दोन जागांपैकीं एकीवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे हरिहरराव सोनुले लोकसभेवर निवडून गेले. परंतु १९७८ च्या जुलैंत मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनीं केला, आणि नांदेड-परभणीकडच्या खेड्यांत दलितांच्या वस्त्या पेटल्या. त्या जाळणाऱ्यांत आमच्याच बहुजन म्हणविणाऱ्या घरांतलींहि पोरें होतीं, ही लाजिरवाणी गोष्ट झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. ठराव अमलांत यावयास १९९४ ची १४ जानेवारी उजाडली. सोळा वर्षें विधिमंडळाचा शब्द गांवकुसापर्यंत पोहोंचूं शकला नाहीं. मत आलें होतें. चावडी बदलली नव्हती.

वर सत्ता मिळाली कीं खालचें आपोआप सुधारतें, असें मानणाऱ्यांस नांदेड-लातुराएवढा चांगला धडा सबंध हिंदुस्थानांत मिळणार नाहीं. शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण नांदेडचे, शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख लातूरचे : ह्या दोन जिल्ह्यांनीं राज्याला चार मुख्यमंत्री दिले. सर्वांची मुदत मिळून चौदा वर्षांच्या घरांत जाते, म्हणजे रामाच्या वनवासाइतकी. शंकररावांनीं धरणें बांधलीं, हें श्रेय त्यांचेंच. पण २०१६ च्या एप्रिलांत मांजरा धरण आटलें आणि लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पावसानें दगा दिला हें खरें; पण धरणाचें पाणी आधीं घशाला कीं आधीं उसाला, हा प्रश्न पाऊस ठरवीत नाहीं. तो ठरविणाऱ्या बैठकींत कोण बसतें आणि कोणाचे कारखाने असतात, हें पाहावें. पुन्हां, बाप आणि लेक दोघेहि मुख्यमंत्री होण्याचा मान राज्यांत एकट्या नांदेडालाच. आम्ही कोणाच्या घराण्यावर राग धरीत नाहीं. मतदारांनीं मत दिलें म्हणूनच तीं माणसें बसलीं. पण वतनें कायद्यानें मोडल्यावर मतदारसंघ जर वतनासारखे वारशानें जाऊं लागले, तर कूळ पुन्हां कूळच राहतें.

म्हणूनच आमचा सगळा भर खालच्या पायरीवर आहे. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनें केलेल्या कायद्यानें १९६२ च्या मे महिन्यांत महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, दवाखाना, गांवचा रस्ता, लहान तळें, गुरांचा डॉक्टर हीं कामें निवडून आलेल्यांच्या हातीं आलीं. १९९३ सालीं त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें तिसरा हिस्सा जागा स्त्रियांसाठीं राखल्या आणि महाराष्ट्रानें २०११ पासून त्या निम्म्या केल्या. सरपंच बाईच्या खुर्चींत तिचा नवरा बसतो अशी टवाळी होते, आणि ती कित्येक ठिकाणीं खरीहि आहे. पण ज्या बाईनें चावडीची पायरी चढणें हाच गुन्हा होता, तिच्या सहीवांचून आतां चेक वटत नाहीं, ही लहान गोष्ट नव्हे. आमच्या बैलपरीक्षेंत येथें लोकशाही खरी चालूं लागली होती.

आणि नेमकें येथेंच तिला थांबविलें. नांदेड, लातूर आणि राज्यांतल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत २०२२ च्या मार्चांत संपली. निवडणूक झाली नाहीं. कारभार नेमलेल्या प्रशासकाकडे गेला आणि तीन वर्षांहून अधिक काळ त्याच्याकडेच राहिला. २०२५ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें बजावीपर्यंत सरकारला घाई नव्हती. घटनेच्या २४३ ई कलमांत स्वच्छ लिहिलें आहे कीं मुदत संपण्यापूर्वीं निवडणूक पुरी झाली पाहिजे. दिल्ली किंवा मुंबईच्या सभागृहाची निवडणूक अशी तीन वर्षें तहकूब ठेवली असती तर देशभर बोंब झाली असती. जिल्हा परिषदेची ठेवली तर कोणी हूं कीं चूं केलें नाहीं.

अडचण कोणती सांगितली गेली ? इतर मागासवर्गांच्या जागांची. २०२१ च्या मार्चांत सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं आयोग नेमा, आंकडे गोळा करा आणि एकंदर राखीव जागा निम्म्यावर जाऊं देऊं नका. तोंवर ह्या जागा राहणार नाहींत. आंकडे कोठून आणावयाचे ? ह्या देशांत सगळ्या जातींची शिरगणती होऊन ती प्रसिद्ध झाली ती शेवटचीच १९३१ सालीं. २०११ सालीं जाति मोजल्या, पण ते आंकडे बाहेर आले नाहींत. म्हणजे सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, तेली, साळी ह्यांना सरकारनें नव्वद वर्षें मोजलें नाहीं, आणि मोजलेले नाहींत म्हणून त्यांच्या जागा गेल्या ! बांठिया आयोगाच्या अहवालावर २०२२ च्या जुलैंत जागा परत मिळाल्या. तरी पुढें प्रभागांच्या वादांत निवडणूक अडकलीच. पुढच्या जनगणनेंत जाति मोजण्याचें केंद्र सरकारनें २०२५ च्या एप्रिलांत ठरविलें आहे. ती मोजणी कागदांतच राहूं नये, एवढी जागरूकता कारागीर वर्गानें ठेवली पाहिजे.

कित्येक भले लोक म्हणतात, प्रशासक बरा. भांडणें नाहींत, टक्केवारी नाहीं, कामें वेळेवर होतात. असेलहि. पण निजामाची तारीफ करणारेहि हेंच बोलत. त्यानें रुग्णालयें बांधलीं, १९१८ सालीं विद्यापीठ काढलें, आणि लातुराकडून वाहत जाणाऱ्या ह्याच मांजरेवर १९३१ सालीं निजामसागर पुरा केला. तीं कामें वाईट नव्हतीं. तरीहि आमच्या माणसांनीं तुरुंग पत्करला, कारण बांधलेल्या धरणाच्या पाण्याबद्दल विचारण्याची सोय नव्हती. प्रशासकाची आणि निजामाची बरोबरी आम्ही करीत नाहीं; आज कोर्ट आहे, वर्तमानपत्र आहे, सभा भरवितां येते. परंतु शाळेला मास्तर नाहीं म्हणून विचारावयास गेलेल्या बापाला जिल्ह्याच्या ठिकाणीं सदस्यच नसेल, तर त्यानें साहेबाच्या दारांत अर्ज घेऊन उभें राहावयाचें. तें उभें राहणें त्याच्या आज्याच्या ओळखीचें आहे.

आमचें मागणें थोडकें आहे. मुदत संपण्याच्या सहा महिने आधीं निवडणुकीची तारीख जाहीर करण्याची सक्ति राज्याच्या कायद्यांत यावी, आणि कांहीं झालें तरी प्रशासक सहा महिन्यांपलीकडे राहूं नये. प्रभागांचे आणि राखीव जागांचे वाद मुदत चालू असतांनाच निकालांत काढावे. मराठवाड्यांत वर्षाच्या चार ग्रामसभा कित्येक गांवीं सह्या गोळा करून कागदावरच होतात. त्या माणसांनीं भराव्या, आणि भरल्या नाहींत तर कोणीहि गांवकऱ्यानें तहसिलींत अर्ज द्यावा. जो उमेदवार आतां जिल्हा परिषदेसाठीं किंवा विधानसभेसाठीं दारांत येईल, तो कोणत्याहि पक्षाचा असो, त्याला चावडीसमोर उभा करून विचारावें कीं प्रशासकाच्या त्या तीन वर्षांत तूं कोठें होतास आणि काय बोललास.